बोळाकडची दुहेरी खिडकी

१९८२ च्या फेब्रुवारीत बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराची बोळाकडची खिडकी काढली आणि तिच्या जागी दोन खिडक्या बसवल्या. एक भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, फळ्यांची. दुसरी आतल्या अंगाला, काचेची. मध्ये वीतभर पोकळी. कारण एकच होतं. माझी मुलगी अडीच वर्षांची झाली होती आणि तिच्या तोंडून अजून एकही शब्द ऐकू आला नव्हता.

बोळाच्या पलीकडे यंत्रमागांची शेड होती. आधी तिथं हातमाग होते. वडील आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघेही खड्ड्यात पाय सोडून बसून साड्या विणत. सत्तर सालानंतर पाच-सहा वर्षांत वडगाव-शहापुरातले बरेचसे हातमाग गेले आणि त्यांच्या जागी विजेवरचे माग आले. आमच्याकडेही आले. चुलत्यांनी शेड वाढवली, भिंतीवर पत्रे टाकले आणि आठ माग उभे केले. त्यातले दोन आमच्या नावाचे. वडील दिवसभर त्या शेडमध्ये असत. म्हणजे घरात येणारा आवाज शेजाऱ्याचा नव्हता. तो आमचाच होता, आणि घर त्याच्यावरच चालत होतं.

आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला फेकला जातो तेव्हा लाकडावर लाकूड आपटतं. एका मागाचा हा आवाज मोजता येतो. आठ मागांचा मोजता येत नाही. तो सलग असतो. सकाळी सुरू होऊन रात्री पाळी संपेपर्यंत चालायचा. बोळाकडच्या माजघरात फळीवर ठेवलेली भांडी हळूहळू कडेला सरकत यायची, आणि आई दिवसातून दोनदा ती हातानं मागं लोटायची.

अशा घरात माणसं आवाजानं बोलत नाहीत. ओठांनी बोलतात. शब्द पूर्ण उच्चारायचा, ओठ नेहमीपेक्षा जास्त हलवायचे, पण गळ्यातून काही काढायचं नाही, कारण काढून उपयोग नसतो. जोडीला हात असतात. दोन बोटं एकमेकांवरून ओढली की धागा तुटला. मूठ हनुवटीला लावली की चुलते, त्यांना दाढी होती म्हणून. शेडमध्ये ही पद्धत होतीच. ती बोळ ओलांडून स्वयंपाकघरापर्यंत आली होती. वीज गेली की माग थांबायचे आणि सगळे सोप्यात येऊन बसायचे, तेव्हासुद्धा पहिली काही मिनिटं लोक ओठांनीच बोलत. पहिल्यांदा घरी आलेल्या पाहुण्याला वाटायचं, यांच्यात अबोला आहे.

मी मागावर बसलो नाही. बेळगावात एका दैनिकात बातम्या तपासायचं काम करत होतो. दुपारी चारला जायचो. त्यामुळे सकाळी घरी असायचो, आणि पुढं जे लिहिलं आहे त्यातलं बरंचसं मी पाहिलेलं आहे. जे पाहिलेलं नाही तिथं तसं सांगितलं आहे.

माझी बायको बेळगुंदीची. शेतकऱ्याघरची. तिच्या माहेरी माणसाला हाक मारायची ती दोन शेतं ओलांडून मारायची असते. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही महिने ती या घरात ओरडून बोलायची. घसा बसायचा. मग तीही ओठांवर आली. वर्षभरात ती इतकी पक्की झाली की माहेरी गेली तरी भाऊ विचारायचे, आक्का, तोंडात काय धरलंयस.

मुलीचं पहिल्यांदा तिच्याच लक्षात आलं, तेही बेळगुंदीत. तिच्या भावाची मुलगी आमच्या मुलीपेक्षा तीन महिन्यांनी लहान. ती अंगणात सगळ्यांशी वाद घालत होती. आमची मुलगी तिच्या शेजारी बसून ओठ हलवत होती. रडायची आणि हसायची आवाजानं. शब्द मात्र नुसते ओठांवर. पाणी, चहा, आजी. बायको तिला घेऊन परत आली आणि त्याच दुपारी तिनं विषय काढला.

घरात कुणाला तो विषय वाटला नाही. आई म्हणाली, मीही तीन वर्षांचा होईपर्यंत बोललो नव्हतो, मागाच्या घरातली पोरं उशिराच बोलतात. वडिलांना तर प्रश्नच कळला नाही.

"बोलती की," ते म्हणाले. "मला रोज च्या मागती."

ते खोटं नव्हतं. ती रोज सकाळी शेडच्या दारात जायची, आजोबांकडे बघून ओठांनी चहा म्हणायची, आणि आजोबा बशीत ओतून द्यायचे. आमच्या घराच्या हिशेबानं ते बोलणंच होतं. घरातली सगळी माणसं तशीच बोलत होती.

कॅम्पातल्या एका लहान मुलांच्या डॉक्टरांकडे आम्ही तिला नेलं. त्यांनी तिला समोर टेबलावर बसवलं, तिच्याकडे वाकून विचारलं, नाक कुठं आहे? तिनं नाकाला हात लावला. कान? कानाला लावला. आई कुठं? तिनं बोट दाखवलं. डॉक्टर म्हणाले, ऐकू व्यवस्थित येतंय, समजही चांगली आहे. घरी फार आवाज असतो का? आम्ही शेडचं सांगितलं. ते म्हणाले, मग तिच्या कानावर शब्द पडतच नसणार. एक खोली शांत करा. रोज तिच्याशी तिथं बोलत बसा. सहा महिन्यांत फरक दिसेल.

शांत खोली कुठं करायची, यावर पुढचा महिना गेला. टिळकवाडीत भाड्यानं दोन खोल्या घ्याव्यात, असं बायको म्हणाली. एकदाच म्हणाली. वडील जेवण अर्धं टाकून उठले, आणि त्याचा अर्थ घरातल्या प्रत्येकाला कळला. एकुलता मुलगा बाहेर पडला तर वडिलांच्या दोन मागांमागं कुणी नाही, असं चुलत्यांच्या मुलांना वाटलं असतं. वाटण्या झाल्या होत्या, पण कागदावर. शेड एक, वीजजोड एक, बोळ निम्मा-निम्मा. तिथून कुणी एक पाऊल काढलं तर दुसऱ्याला दोन टाकावी लागत.

मग खोल्या बघितल्या. सोप्याला दार नव्हतं. स्वयंपाकघरात धूर. मागच्या परड्याकडची खोली सुताच्या गाठोड्यांनी भरलेली. राहिलं माजघर, जे शेडला सगळ्यात जवळ होतं. ते शांत करायचं तर बोळाकडची खिडकी बंद करायला हवी होती. आणि ती खिडकी बंद करणं म्हणजे काय, हे वडगावात कुणाला सांगावं लागत नाही. विणकराच्या घरात भावाच्या मागाकडची खिडकी उघडी असते. मागाचा आवाज बदलला, धागा तुटला, माग रिकामा चालला, तर घरात बसलेल्या बाईलाही कळतं आणि ती हात करते. आईनं ते वर्षानुवर्षं केलं होतं. ती खिडकी लावून घेतली की गल्ली समजते, भावाभावांचं फाटलं.

शिवाय बाहेरची दारं उघडणार बोळात. बोळ निम्मा चुलत्यांचा. विचारणं भाग होतं.

वडील विचारायला बोळात गेले. मी खिडकीत उभा होतो. शेडमध्ये आठही माग चालू होते, त्यामुळे दोघं ओठांनीच बोलले, आणि मला सगळं दिसलं.

"माझ्यावर खिडकी लावतोस व्हय रं?" चुलते म्हणाले.

"तुझ्यावर न्हाय, दादा. मागावर."

"आणि माग कुणाचं हायत?"

वडिलांनी बोटावर गुंतलेलं सूत सोडवलं. मग म्हणाले, "दोघांचं. पोरगी बी दोघांची."

चुलत्यांनी खिडकीकडं बघितलं. मला बघितलं. मग हात झटकला, म्हणजे कर. जाताना एक अट घातली. खंडेनवमीला मागाची पूजा असते, त्या दिवशी दोन्ही खिडक्या उघड्या पाहिजेत. ती अट आम्ही मान्य केली आणि पाळली. पण सकाळचा चहा प्यायला ते रोज आमच्या सोप्यात यायचे, ते त्या आठवड्यापासून आले नाहीत.

दोन खिडक्यांची कल्पना माझी. एका रेडिओ केंद्रावर बातमीच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या खोलीला अशी काच पाहिली होती: दोन तावदानं, मध्ये हवा. शहापुरातल्या सुताराला मी ते कागदावर काढून दाखवलं. त्यानं कागद उलटा-सुलटा केला.

"एका भोकाला दोन खिडक्या?" तो म्हणाला. "चोर काय दोनदा येतोय का?"

भिंत दीड फूट जाड होती म्हणून ते जमणार होतं. जुनी खिडकी सागवानी चौकटीची, उभ्या गजांची, दोन झडपांची होती. झडपा कधी नीट लागल्याच नव्हत्या, कारण लावायची वेळ आली नव्हती. सुतार म्हणाला, चौकट चांगली आहे, हीच रंधून घेऊ. बायको नको म्हणाली. फटीतून बोट जातंय, तिथून आवाज येणारच. नवी चौकट ठरली. बाहेरची दारं दुहेरी फळीची, एका फळीचा जोड दुसऱ्या फळीनं झाकलेला. कडांना सायकलच्या ट्यूबची पट्टी. आतली काचेची, तिच्या खाचेत नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची जाड पट्टी. नमदा शेवटी घोड्याचं खोगीर करणाऱ्याकडं मिळाला.

काच खडेबाजारात घेतली. दुकानदारानं खिडकीची नेहमीची काच काढली. बायकोनं ती दोन्ही हातांनी उचलून कानाशी धरली आणि रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली. बस गेली, हातगाड्या गेल्या. तिनं काच खाली ठेवली आणि म्हणाली, याच्यापेक्षा जाड.

"वैनी, काच बघायची असती," दुकानदार म्हणाला, "ऐकायची नसती."

ती हसली नाही. त्यानं त्याच्याहून जाड दाखवली, मग टेबलावर घालायची. प्रत्येक वेळी तिनं तेच केलं. टेबलाची काच घेतली. तिच्या वजनासाठी सुताराला बिजागऱ्या बदलाव्या लागल्या. आईचं म्हणणं होतं काच उघडती असावी, नाहीतर उन्हाळ्यात माणूस उकडून मरेल. बायकोचं म्हणणं होतं पक्की असावी. आईचं ऐकलं, म्हणून काच उघडती झाली. पण पुढं ती फारशी उघडली गेली नाही.

काम चार दिवस चाललं. शेवटच्या दिवशी बाहेरची दारं ओढली, आतली काच लावली, दाराला जाड गोधडी टांगली. आवाज गेला नाही. तो जमिनीत राहिला. फरशीवर तळवा टेकवला की लागायचा, भिंतीला पाठ टेकली की पाठीत जाणवायचा. पण हवेतला बराचसा गेला. साधं बोललेलं ऐकू येत होतं. माग चालू असताना मला माझ्याच घरात बायकोचा साधा आवाज पहिल्यांदा ऐकू आला, लग्नाला चार वर्षं झाल्यावर. तो मला आठवत होता त्यापेक्षा जाड होता.

दुसऱ्या दिवसापासून ती मुलीला घेऊन माजघरात बसू लागली. सकाळचा स्वयंपाक उरकला की आत. खोलीत दिवा लावावा लागायचा, कारण फळ्यांची दारं लावली की अंधार. वीज गेली तर दिवा जायचा, पण मागही थांबायचे, मग खिडक्या उघडायच्या. वीज आली की पुन्हा बंद. ती मुलीसमोर मांडी घालून बसायची आणि एकेक वस्तू हातात धरून तिचं नाव घ्यायची. सुताची कांडी. वाटी. फणी. ओव्या म्हणायची, बेळगुंदीच्या गोष्टी सांगायची. मुलगी तिच्या तोंडाकडं टक लावून बघायची आणि ओठ हलवायची. आवाज नाही.

मार्च संपला. खोली भट्टी झाली. पंखा आणला, तर पंख्याचाच आवाज व्हायला लागला, म्हणून तो बंद ठेवायचा. बायको घामानं भिजून बाहेर यायची. शेजारच्या बायकांनी आईला विचारायला सुरुवात केली, सून आत काय करती. आई गोधडी बाजूला सारून आत डोकवायची आणि सवयीनं ओठांनी काहीतरी विचारायची. बायको दरवेळी सांगायची, आत्या, हितं आवाजानं बोला. आई एकदा बोलायची, दुसऱ्या वाक्याला पुन्हा ओठांवर यायची. एकदा ती मला म्हणाली, "पोरगी बोलायची व्हायच्या आधी सून मुकी व्हायची." हे तिनं आवाजानं सांगितलं, म्हणजे बायकोला ऐकू जावं म्हणून.

बायकोनं खोली सोडली नाही. तिला बाहेर पडायला दुसरी जागा नव्हती. मोठ्या घरात तिला एकाच खोलीत आवाज होता, आणि त्या खोलीत उजेड आणि वारा नव्हता.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यातली गोष्ट. मी सोप्यात वर्तमानपत्रं वाचत होतो. माजघरातून बायकोची हाक ऐकू आली. मुलीचं नाव. पुन्हा तेच नाव, मोठ्यानं. मग बेळगुंदीच्या शेतातली असावी तशी, पूर्ण गळ्यानं. ती दारावरच्या गोधडीतून आणि मागांच्या आवाजावरून सोप्यापर्यंत आली. आई चुलीपासून उठून आली. मग जमिनीवर पाय आपटल्यासारखं काहीतरी जाणवलं.

गोधडी सरली आणि बायको दारात उभी राहिली. सोप्यात शेडचा सगळा आवाज चालू होता. तिनं माझ्याकडं बघितलं आणि ओठांनी सांगितलं, गळ्यातून काहीही न काढता:

"तिला ऐकू येत न्हाय."

तिच्याकडून नंतर कळलं ते असं. मुलगी पाठमोरी बसून रिकाम्या कांड्या रचत होती. बायको काच पुसायला उठली होती, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या मागं होती. एरवी ती कायम समोर बसायची. तिनं सहज हाक मारली. मुलगी वळली नाही. तिनं तीनदा हाक मारली. मग पाय आपटला. फरशी हलली तेव्हा मुलगी वळली आणि हसली.

दोन महिने खोली शांत होती, म्हणून ते लक्षात येऊ शकलं. त्याआधी घरात पाठीमागून हाक मारायची पद्धतच नव्हती. कुणी मारली असती तरी कुणालाच ऐकू गेली नसती.

मिरजेच्या इस्पितळात तपासणी झाली. दोन्ही कानांत दोष, बहुधा जन्मापासून. मागांचा त्याच्याशी संबंध नाही. डॉक्टरांनी विचारलं, मग इतके दिवस तुमच्या लक्षात कसं आलं नाही, हिला तर सांगितलेलं कळतंय. बायकोनं उत्तराऐवजी मुलीसमोर बसून आवाज न काढता विचारलं, नाक कुठं? मुलीनं नाकाला हात लावला. चहा पाहिजे? मुलीनं ओठांनी हो म्हटलं. डॉक्टरांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं आणि बायकोला ते पुन्हा करायला लावलं.

घरी आल्यावर वडील म्हणाले, आता खिडक्या काढू. उपयोग काय? दादाही परत चहाला येतील. आईला ते पटलं. मलाही त्यात चूक दिसली नाही. बायको म्हणाली, थोडे दिवस राहू देत. कारण तिनं सांगितलं नाही, बहुधा तिच्याकडं ते नव्हतं.

कारण पावसाळ्यानंतर मिळालं. मुलीला श्रवणयंत्र दिलं. आगपेटीपेक्षा मोठी डबी, छातीवर पट्ट्यानं बांधायची, तिच्यातून दोन वायरी दोन कानांत. ते यंत्र निवड करत नाही. जवळचं आणि लांबचं, शब्द आणि माग, सगळं सारखंच मोठं करतं. सोप्यात ते घातल्या घातल्या मुलीनं किंचाळून दोन्ही वायरी ओढून काढल्या. स्वयंपाकघरात तेच झालं. शेडच्या दारात तर ती डबी हातात घेऊनही जाईना. माजघरात, दोन्ही खिडक्या लावून, तिनं ती पहिल्या दिवशी पाच-दहा मिनिटं ठेवली. पुढं एक तास. मग सकाळभर.

म्हणून खिडक्या राहिल्या. मुलगी ऐकणार ती एका खोलीत, आणि तिच्याशी बोलणारी बाई त्याच खोलीत. बाहेर आली की मुलगी डबी काढायची आणि पूर्वीसारखीच ओठांनी बोलायची, सगळ्यांसारखी. चुलत्यांशी तिचं छान जमायचं. ते तिला बोळातून हनुवटीला मूठ लावून दाखवायचे आणि ती हसायची. बायकोला ते आवडत नसे. तिकडं गेली की तीन दिवसांचं काम फुकट जातं, असं ती म्हणायची. पण थांबवणार कशी? बोळ निम्मा त्यांचा होता.

शाळेचं ठरवायला १९८४ उजाडलं. बेळगावात अशा मुलांची सोय कानडीत होती. मुलगी जे ओठ वाचत होती ते मराठी होते. दोन भाषांचे ओठ एकदम शिकवू नका, असं मिरजेच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. मराठीतून शिकवणारी शाळा मिरजेला, आणि तिथं राहायचं वसतिगृहात. बायकोलाही तिथं जाऊन राहावंसं वाटत होतं. तोवर वडिलांना दम्यानं गाठलं होतं आणि आमचे दोन माग कुणीतरी बघायला हवे होते. मी दुपारपर्यंत शेडमध्ये जाऊ लागलो होतो. बायको कांड्या भरत होती. जूनमध्ये मुलगी एकटी मिरजेला गेली. तिथल्या बाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलं, हिला शब्द भरपूर येतात. शब्दाबरोबर आवाज काढायचा असतो, एवढंच हिला कुणी सांगितलेलं नाही. त्या बाई मुलीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शिकवत.

दिवाळीच्या सुटीत ती घरी आली. सोप्यात खेळत होती, डबी छातीवर होती पण बंद. आईनं तिला समोरून ओठांनी विचारलं, चहा पाहिजे का. मुलीनं पुढं होऊन आजीच्या गळ्याला हात लावला. तिथं काही हललं नाही. ती हात तसाच ठेवून थांबली. आईला काय ते कळायला वेळ लागला. मग तिनं आवाजानं विचारलं. मुलगी "न्हाय" म्हणाली, आवाजानं. माग चालू होते, तरी जवळ उभ्या असलेल्या आईला आणि बायकोला ते ऐकू आलं. मी त्या वेळी शेडमध्ये होतो. दोघींनी मला हे वेगवेगळं सांगितलं, आणि दोघींच्या सांगण्यात फरक नव्हता.